सर्व्हर, लॅपटॉप आणि वेगाचा हिशेब

'सर्व्हर' हा शब्द आमच्या भागात पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. तो रेशनच्या दुकानातून, बँकेच्या खिडकीतून आणि निकालाच्या दिवशीच्या गर्दीतून आला. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस तालुक्यात सापडणे कठीण. एक यंत्र बसले की एवढी माणसे खोळंबतात, तेव्हा ते यंत्र फार बलाढ्य असणार आणि त्याच्या पोटातला प्रोसेसर आपल्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी वेगवान असणार, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ही समजूत अर्धी खरी आहे. तिचा कोणता अर्धा भाग खरा आणि कोणता नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावे? कारण अगदी व्यवहाराचे आहे. मोठ्या कंपन्या आपली सर्व्हर यंत्रे काही वर्षांनी काढून टाकतात. ती शहरातल्या जुन्या मालाच्या बाजारात येतात आणि तेथून फिरत फिरत आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रांत आणि फोटो स्टुडिओंत पोचतात. विकणारा फक्त कोअरचा आकडा सांगतो. घेणारा त्या आकड्यावर भुलून वर्षभराची शिल्लक त्यात घालतो. शिवाय माझा विषय अर्थशास्त्र आहे, आणि पुढे दिसेलच की हा प्रश्न तंत्राचा जितका आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

आधी दोनच शब्द समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेबनीस. त्याच्या आत एक घड्याळ असते आणि त्या घड्याळाच्या ठोक्यावर सर्व कामे चालतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. दुसरा शब्द कोअर, म्हणजे गाभा. प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी, तुलना आणि निर्णय करणारा भाग तो हाच. पूर्वी एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर असे. आता स्वस्तातल्या लॅपटॉपमध्येही चार-सहा असतात आणि सर्व्हरमध्ये शंभराच्या घरात जातात. बहुतेकांचा घोळ येथेच होतो. सहा कोअर म्हणजे सहापट वेग, शहाण्णव कोअर म्हणजे शहाण्णवपट वेग, असा सरळ गुणाकार मनात केला जातो.

तुलना करायची तर ती एकाच जातीच्या जनावरांची करावी. खिल्लारी खोंड आणि म्हैस यांची शर्यत लावून काही कळत नाही. सुदैवाने अशी एक जोडी उपलब्ध आहे. एएमडी या कंपनीने 'झेन ४' नावाची कोअरची एक रचना तयार केली आणि तीच रचना सर्व्हरमध्येही वापरली व लॅपटॉपमध्येही वापरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेला 'एपिक ९६५४' हा सर्व्हरचा प्रोसेसर आणि २०२३ साली आलेला 'रायझन ७ ७८४० यू' हा लॅपटॉपचा प्रोसेसर, हे दोघे जणू एकाच गाईची वासरे. कंपनीने जाहीर केलेले तपशील असे आहेत. एपिकमध्ये ९६ कोअर, रायझनमध्ये ८. एपिकचा हमीचा वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि कमाल वेग ३.७, रायझनचा हमीचा वेग ३.३ आणि कमाल ५.१. एपिकची नेमून दिलेली वीज ३६० वॅट, रायझनची २८ वॅट.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा पुन्हा एकदा तपासून पाहिले. लॅपटॉपचे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा वेगाने चालते! आणि ठोका तोच, ठोक्यामागचे कामही जवळजवळ तेच, कारण कोअरची रचना एक आहे. याचा अर्थ असा की ज्या कामाला एकच कोअर लागतो, असे लॅपटॉपवर १०० सेकंदांत होणारे काम त्या महागड्या सर्व्हरवर सुमारे १३८ सेकंद घेईल. ५.१ ला ३.७ ने भागले की हा हिशेब निघतो. प्रत्यक्षात स्मृतीच्या वगैरे फरकांमुळे तो थोडा इकडे-तिकडे होईल, पण दिशा बदलणार नाही.

मग सर्व्हर बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम संथ का ठेवले? याचे उत्तर विजेत आहे. प्रोसेसरला लागणारी वीज घड्याळाच्या वेगाबरोबर वाढते. शिवाय ती विद्युतदाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणातही वाढते. आणि वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. दोन्ही एकाच प्रमाणात वाढवले असे धरले तर २० टक्के जादा वेगासाठी वीज सुमारे ७३ टक्के जादा लागेल. शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. उसाला पहिल्या पोत्याने जेवढा फरक पडतो तेवढा पाचव्या पोत्याने पडत नाही, हे आमच्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही त्यालाच घटत्या फलाचा नियम म्हणतो.

आता एक गंमत पाहा. ३६० वॅट ९६ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ वॅट येतात. २८ वॅट ८ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाला ३.५ वॅट. (सगळी वीज कोअरलाच जाते असे नाही, पण अंदाजापुरते हे चालेल.) म्हणजे सर्वजण एकदम कामाला लागले की सर्व्हरच्या कोअरचा आणि लॅपटॉपच्या कोअरचा शिधा जवळपास सारखाच! फरक पडतो तो एकटा कोअर काम करीत असताना. लॅपटॉपमध्ये सात भाऊ झोपलेले असतात तेव्हा त्यांच्या वाट्याचे बरेचसे आठव्याला मिळते आणि तो ५.१ पर्यंत धावतो. लॅपटॉप वापरणारा माणूस बहुतेक वेळ असाच वागतो. एक खूण दाबली, एक पान उघडले, थोडे वाचले, पुन्हा एक खूण दाबली. त्याला हवे असते ते क्षणभराचे धावणे. सर्व्हरमध्ये मात्र सगळे भाऊ रात्रंदिवस जागे असणार हे गृहीत धरूनच घडण केलेली असते. तेथे एकाला लाडावून ठेवण्यात अर्थ नाही.

एपिकच्या पोटात डोकावले तर आणखी एक गोष्ट दिसते. ९६ कोअर एकाच अखंड तुकड्यावर नाहीत. आठ-आठ कोअरचे बारा लहान तुकडे आहेत आणि मध्ये त्यांना स्मृतीशी व बाहेरच्या जगाशी जोडणारा एक मोठा तुकडा आहे. म्हणजे एका झाकणाखाली बारा लॅपटॉपांचे कोअर नांदतात असे म्हटले तरी चालेल. बारा भावांचे एकत्र कुटुंब म्हणा. बारा घरांचे काम ते एकदम उपसेल. पण एकच बादली पाणी आणायचे असेल तर बाराजण मिळून ती लवकर आणणार नाहीत.

तेव्हा खरा प्रश्न यंत्राचा नसून कामाचा आहे. काम वाटता येते का?

मी आईबरोबर खुरपणीला गेलेली आहे. तेथे प्रत्येक बाई आपली पाथ धरते आणि पुढे सरकते. दहा बाया असल्या तर शेत एका दिवसात होते, वीस आल्या तर अर्ध्या दिवसात. एकीचे दुसरीवाचून अडत नाही. विहीर खणणे हे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. खाली तळाशी पहार घेऊन दोन-तीन माणसेच मावतात. काठावर पन्नास उभी केली तरी ती तंबाखू मळत बसतील. आणि आठवा परस खणल्याशिवाय नववा परस लागत नाही. क्रम चुकवता येत नाही. संगणकाची कामेही अशीच दोन जातींची असतात. हजार छायाचित्रे लहान करायची असतील तर ती खुरपणी आहे. पण एका पायरीचे उत्तर आल्यावरच पुढची पायरी सुरू होते असा लांबलचक हिशेब म्हणजे विहीर.

बहुतेक कामांत दोन्हींची सरमिसळ असते. त्या सरमिसळीचा हिशेब १९६७ साली जीन अम्डाल या अमेरिकन संगणक अभियंत्याने मांडला. त्याचे म्हणणे साधे आहे, पण त्याचा परिणाम मनाला चटकन पटत नाही. समजा, लॅपटॉपच्या एका कोअरवर १०० मिनिटांचे काम आहे आणि त्यातली १० मिनिटे न वाटता येणारी आहेत. आठ कोअर लावले तर वाटता येणारी ९० मिनिटे सव्वाअकरावर येतात. न वाटता येणारी १० तशीच राहतात. एकूण सव्वाएकवीस मिनिटे. आता सर्व्हर घेऊ. त्याचा प्रत्येक कोअर १.३८ पट वेळ घेतो असे सोयीसाठी सर्वत्र धरू. न वाटता येणाऱ्या १० मिनिटांची १३.८ होतात. उरलेल्या ९० ला ९६ ने भागून १.३८ ने गुणले तर १.३ येतात. एकूण १५ मिनिटे आणि काही सेकंद. बारापट कोअर, बारापटीहून अधिक वीज, आणि फायदा जेमतेम दीडपटीच्या आत!

काम निम्मे-निम्मे असेल तर काय होते तेही करून पाहावे. लॅपटॉपवर ५० अधिक सव्वासहा, म्हणजे सव्वाछप्पन्न मिनिटे. सर्व्हरवर ६९ अधिक पाऊण, म्हणजे जवळजवळ ७० मिनिटे. येथे सर्व्हर चक्क हरला. आणि सगळेच काम वाटता येणारे असेल तर? तर सर्व्हर लॅपटॉपला आठ-नऊपट मागे टाकतो आणि तेथे लॅपटॉपचे नावही काढू नये. एकच जोडी, तीन कामे आणि तीन निराळे निकाल. वर्तमानपत्रात आणि जाहिरातीत 'हा प्रोसेसर त्याच्यापेक्षा इतके टक्के वेगवान' असे छापून येते, तेव्हा कोणत्या कामात, हे बारीक अक्षरांतही नसेल तर तो आकडा सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पण मग जग कोअर वाढवण्याच्या मागे का लागले? नाइलाजाने. १९७८ साली इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झवर चालत होता. २००४ अखेर पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला, म्हणजे सव्वीस वर्षांत सातशेपटीहून अधिक. त्यानंतर घोडे अडले. तोवर प्रोसेसरमधील भाग लहान होत गेले की दाबही कमी करता येई आणि उष्णता आटोक्यात राही. ती सवलत त्या सुमारास संपत आली. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्येच सोडून दिला आणि २००५ साली दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकांत येऊ लागले. एक बैल आणखी पळेना, तेव्हा दुसरा जुंपला.

अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपण्याची कल्पना अर्थात त्याहून जुनी आहे आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो. अमेरिकेकडून प्रगत महासंगणक मिळवण्यात अडचणी आल्यावर भारत सरकारने १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन केली. अकोला जिल्ह्यातून आलेले डॉ. विजय भटकर तिचे नेतृत्व करीत होते. १९९१ साली तिथे 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच प्रचंड प्रोसेसर नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून ६४ जणांची फौज केली होती. हवामानासारखा प्रश्न या पद्धतीला साजेसा असतो. आकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला आपापला चौकोन द्यायचा आणि बांधावर शेजाऱ्याशी देवाणघेवाण करायची. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला 'अर्क' हा महासंगणकही याच मार्गाने जाणारा आहे.

आपल्या रोजच्या सर्व्हरचे काम तर खुरपणीचा उत्तम नमुना आहे. निकालाच्या दिवशी लाखो मुले आपापला बैठक क्रमांक टाकतात. एकीच्या निकालाचा दुसरीच्या निकालाशी काही संबंध नाही. प्रत्येक विचारणा एका कोअरकडे द्यावी आणि मोकळे व्हावे. कोअर जरा संथ असल्याने एखाद्या मुलीला निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा दिसला तर तिला कळणारही नाही. पण कोअर आठच असते तर तिच्यापुढे रांग केवढी लागली असती! सर्व्हरचा पराक्रम एकाला झटपट वाढण्यात नसून पंगत उठवण्यात आहे. तरीही तो बसतो, कारण काही ठिकाणी पाथ संपून विहीर सुरू होते. प्रवेशाची शेवटची एक जागा दोघांना देता येत नाही. त्या एका नोंदीला हात लावण्यासाठी सगळ्यांना ओळीत यावे लागते, आणि तेथे शहाण्णव कोअर काठावर उभे राहतात.

सर्व्हरच्या बाजूने बोलण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. प्रोसेसर कितीही चपळ असला तरी त्याला माहिती मुख्य स्मृतीतून आणावी लागते आणि त्या एका फेरीला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ जातो. पाच गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्या वेळात पाचशे ठोके नुसते मोजत बसावे लागते. म्हणून नेहमी लागणारा माल जवळच्या फडताळात ठेवतात. त्याला कॅशे म्हणतात. आपल्या एपिकच्या आतील सामाईक फडताळ ३८४ मेगाबाईटचे आहे, रायझनचे १६. स्मृतीकडे जाणारे रस्ते एपिकला बारा, तर लॅपटॉपला सामान्यतः दोन. विद्यापीठाच्या सर्व विद्यार्थ्यांची माहिती एकाच वेळी स्मृतीत उघडून ठेवायची असेल तर लॅपटॉपला ती मावणारच नाही. मग तेथे घड्याळाचा वेग कितीही असो, त्याचा उपयोग काय?

सर्व्हरची स्मृती स्वतःच्या चुका दुरुस्तही करते. विजेच्या किंवा किरणांच्या गडबडीने एखाद्या शून्याचा एक झाला तर सोबत ठेवलेल्या जादा खुणांवरून तो कोठे बदलला हे शोधून पूर्ववत केले जाते. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. गाणी ऐकताना एक शून्य बदलले तर बिघडत नाही. बँकेच्या खात्यात बदलले तर बिघडते. साध्या लॅपटॉपमध्ये ही सोय सहसा नसते.

आणि दम. लॅपटॉपचा ५.१ हा वेग शंभर मीटर धावणाऱ्याचा आहे. पातळ पेटीत बोटाएवढा पंखा. काम लांबले की तापमान चढते आणि १०० अंश सेल्सिअसच्या जवळ आले की प्रोसेसर स्वतःहून वेग आवरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप वापरणाऱ्याला हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. सर्व्हर थंड खोलीत, मोठमोठ्या पंख्यांच्या वाऱ्यात, महिनोन्महिने एका चालीने चालतो. मात्र त्याला बॅटरीवर बसवले तर ५० वॅट-तासांची लॅपटॉपची बॅटरी तो पूर्ण भाराखाली साडेआठ मिनिटेही पुरवणार नाही.

हा सगळा हिशेब मला प्रथम कागदावर मांडावा लागला तो माझ्या मामांसाठी. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांचे लहानसे केंद्र आहे. ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, टंकलेखन, लग्नपत्रिका आणि लग्नसराईत थोडे व्हिडिओचे काम. जुना संगणक थकला होता. एका व्यापाऱ्याने त्यांना वापरलेला सर्व्हर देऊ केला. इंटेलचे 'झिऑन ई५-२६८० व्ही४' हे दोन प्रोसेसर त्यात होते. तेवढ्याच पैशांत 'रायझन ५ ७५३० यू'चा नवा लॅपटॉप मिळत होता.

"पोरी, अठ्ठावीस कोअर हाईत त्यात," मामा म्हणाले, "आन् थ्रेड का काय ते छप्पन्न. ह्या पाटीएवढ्या लॅपटॉपात सहाच. छप्पन्न कुठं, सहा कुठं!"

छप्पन्नाचा उलगडा सोपा आहे. थ्रेड म्हणजे कोअर नव्हे. एक कोअर स्मृतीतून माल येण्याची वाट पाहत असताना रिकामा बसू नये म्हणून त्याला दोन कामे धरायला देतात. चुलीला वैल असतो तसे. भात रटरटतो आहे तोवर वैलावर आमटी होते. पण वैल असला म्हणून घरात दोन बाया होत नाहीत. तसे पाहिले तर लॅपटॉपचेही थ्रेड बारा होते. व्यापारी सर्व्हरचे थ्रेड सांगत होता आणि मामा लॅपटॉपचे कोअर मोजत होते.

उरले अठ्ठावीस आणि सहा. मी मामांना त्यांच्याच जुन्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडायला लावला. त्यात प्रत्येक कोअरचा निराळा आलेख दिसतो. फॉर्म भरताना, पत्रिका जुळवताना पाहिले तर एक-दोन चौकटींत रेषा उसळत होत्या आणि बाकीच्या जमिनीवर. व्हिडिओ तयार करायला लावला तेव्हाच सगळ्या चौकटी भरल्या. मामांच्या दिवसातली बहुतेक कामे एका कोअरची होती, हे त्यांना डोळ्यांनी दिसले. आणि एकाला एक लढवायचे तर २०१६ सालच्या त्या झिऑनचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ, रायझनचा ४.५. शिवाय नंतरच्या पिढीचा कोअर एका ठोक्यात कामही अधिक करतो. म्हणजे खरा फरक घड्याळात दिसतो त्याहून मोठा.

व्हिडिओचे काय, असे मामांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. तेथे अठ्ठावीस कोअर कामाला आले असते. पण त्या झिऑनमध्ये चित्र दाखवणारा भागच नसतो. त्यासाठी निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. नव्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये तो भाग तर असतोच, शिवाय व्हिडिओ दाबून लहान करण्यासाठी खास मंडल असते. सॉफ्टवेअर ते वापरत असेल तर तेवढ्या कामासाठी कोअरची फौज लागत नाही. दुसरी अडचण अशी की विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत हा झिऑन नाही.

मग विजेचे गणित. दोन झिऑन प्रत्येकी १२० वॅटचे, मिळून २४०. रायझन १५ वॅटचा. पूर्ण भाराने रोज दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर नेमून दिलेल्या आकड्यांप्रमाणे एकीकडे ६२ युनिट आणि दुसरीकडे ४. दुकानात यंत्र दिवसभर पूर्ण भाराने चालत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे प्रत्यक्षात खाली येतील. पण सर्व्हर रिकामा बसला तरी त्याचे पंखे फिरतच राहतात. त्यांचा आवाज व्यापाऱ्याच्या गाळ्यात ऐकल्यावर मामा स्वतःच म्हणाले, "ह्याच्या म्होरं गिऱ्हाईकाचं नाव तरी ऐकू यील का?" आणि आमच्याकडे वीज दिवसातून केव्हा जाईल याचा नेम नाही. अर्ज निम्मा भरला असताना लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो.

मामांनी लॅपटॉप घेतला आणि जुना पडदा त्याला जोडला. तो सर्व्हर पुढच्या आळीतील लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने नेला, आणि माझ्या मते त्याने नेला तो योग्यच. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड होते, आणि चार लग्नांचे काम एकदम रात्रभर लावून ठेवायचे असते. रात्री पंख्यांचा आवाज ऐकायला दुकानात कोणी नसते. मामांचे फॉर्म आता अडतात ते इंटरनेटच्या लाइनीवर, आणि तिला प्रोसेसर बदलून उपाय नाही.